रोगी, त्याचे घर आणि शुश्रूषा



वैद्यकावरचे व्याख्यान म्हटले की नवी औषधे, नव्या शस्त्रक्रिया, नवी यंत्रे यांची माहिती ऐकायला मिळेल, अशी श्रोत्यांची अपेक्षा असते, आणि ती रास्तच आहे. परंतु आज मी ज्या विषयावर बोलणार आहे, त्यात नवलाईचे यंत्र एकही नाही. कोमट पाणी, मऊ फडके, स्वच्छ चादर, घड्याळाकडे पाहून दिलेली गोळी आणि खाटेजवळ ओढून घेतलेली खुर्ची, एवढीच त्याची सामग्री. विषय आहे शुश्रूषा. आणि त्यातही जो रोग बरा होणारा नाही, किंवा जो वर्षानुवर्षे सोबत राहणार आहे, त्या रोगातील शुश्रूषा.

आपल्यापैकी बहुतेकांनी एक वाक्य कधी ना कधी ऐकले असेल. रुग्णालयाच्या जिन्यात किंवा डॉक्टरांच्या खोलीबाहेर, हलक्या आवाजात ते सांगितले जाते: "आता करण्यासारखे काही उरलेले नाही. घरी घेऊन जा." सांगणाऱ्याचा हेतू वाईट नसतो. रोगावर करण्यासारखे काही उरले नाही, एवढेच त्याला म्हणायचे असते. पण ऐकणाऱ्याच्या कानावर पडते ते असे की या माणसासाठी करण्यासारखे काही उरले नाही. या दोन वाक्यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. पहिले अनेकदा खरे असते. दुसरे कधीच खरे नसते. माझ्या आजच्या व्याख्यानाचे सार विचाराल तर ते एवढेच आहे.

प्रथम शब्दाकडे पाहू. शुश्रूषा हा शब्द आपण 'सेवा' या अर्थाने वापरतो. पण त्याची घडण पाहिली तर तो 'श्रु' म्हणजे ऐकणे या धातूपासून झालेला आहे, आणि त्याचा मूळ अर्थ 'ऐकण्याची इच्छा' असा आहे. गुरूचे ऐकण्याची इच्छा म्हणून गुरूची शुश्रूषा. पुढे त्याच शब्दाला सेवेचा अर्थ आला. आपल्या पूर्वजांनी रोग्याच्या सेवेला हाच शब्द लावला, हे मला फार अर्थपूर्ण वाटते. रोग्याला काय होते आहे आणि काय हवे आहे, हे ऐकण्याची ज्याला इच्छा नाही, त्याच्या हातून सेवा पुष्कळ होईल; शुश्रूषा होईलच असे नाही.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानात चिकित्सेचे चार पाय सांगितले आहेत: वैद्य, औषध, उपस्थाता आणि रोगी. उपस्थाता म्हणजे रोग्याजवळ राहणारा, त्याची शुश्रूषा करणारा. प्रत्येकाचे चार गुण दिले आहेत. उपस्थात्याला उपचाराची माहिती हवी, तो कामात दक्ष हवा, त्याला रोग्याविषयी आपुलकी हवी आणि तो स्वच्छ हवा. यात माहिती व दक्षता या शिकण्याच्या गोष्टी आहेत, हे लक्षात घ्या. नुसती माया पुरत नाही, असे आपल्याच जुन्या ग्रंथकाराने बजावून ठेवले आहे. आणि रोग्याच्या चार गुणांत एक असा आहे की त्याला आपल्याला काय होते ते सांगता आले पाहिजे. आता सांगणारा असला आणि ऐकणारा नसला तर तो गुण वायाच जाणार.

असे असूनही या चार पायांपैकी उपस्थात्याचा पाय आपण सर्वांत दुबळा ठेवला. शिवाशिवीच्या कल्पनांनी मलमूत्र उचलण्याचे काम हलके ठरले, आणि ते करणारी परिचारिकाही हलकी ठरली. या समजुतीला महाराष्ट्रात ज्यांनी आपल्या कृतीने धक्का दिला त्यांची नावे घेतली पाहिजेत. १८९७ सालच्या प्लेगात सावित्रीबाई फुले रोग्यांना उचलून आपला डॉक्टर मुलगा यशवंत याच्या दवाखान्यात नेत होत्या. त्याच प्लेगने १० मार्च १८९७ रोजी त्यांचा अंत झाला. ज्या न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेचा पाया घातला, त्यांच्या पत्नी रमाबाई रानडे यांनी १९०९ साली पुण्यात सेवासदन उभे केले, आणि विधवा व निराधार स्त्रियांना परिचारिकेच्या शिक्षणाची वाट मोकळी करून दिली. घरंदाज बाईने परक्या पुरुषाचे अंग पुसायचे, ही कल्पनासुद्धा ज्या काळी सहन होत नव्हती, त्या काळची ही गोष्ट आहे.

इकडे इंग्लंडात फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८६० साली लंडनच्या सेंट टॉमस रुग्णालयात परिचारिकांची शाळा सुरू केली होती. त्या शाळेच्या परंपरेत पुढे, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, सिसिली सॉन्डर्स नावाची एक मुलगी परिचारिका झाली. पाठीच्या दुखण्यामुळे तिला ते काम सोडावे लागले, म्हणून ती रुग्णालयातच रोग्यांच्या घरच्या अडचणी पाहणारी समाजसेविका झाली. १९४८ साली पोलंडहून आलेला एक ज्यू निर्वासित, डेव्हिड टास्मा, कर्करोगाने मरणाच्या दारी होता. वय चाळीशीचे, परका देश, जवळचे कोणी नाही. ती त्याच्याजवळ बसून त्याचे ऐकत असे. आपल्यासारख्यांसाठी एखादे घर असावे, असे दोघे बोलत. मरताना त्याने तिला ५०० पौंड ठेवले, ते त्या न बांधलेल्या घराच्या एका खिडकीसाठी. पुढे ही बाई डॉक्टर झाली, आणि १९६७ साली लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर हे रुग्णाश्रयगृह उघडले. खिडकी आधी मिळाली. तिच्याभोवती घर उभे राहायला १९ वर्षे लागली.

सॉन्डर्सबाईंनी वैद्यकाला दोन मोठ्या गोष्टी दिल्या. पहिली वेदनेविषयीची. त्या काळी वेदना असह्य झाली की मग मॉर्फीन टोचायचे, अशी रीत होती. म्हणजे रोग्याने आधी तळमळायचे, विनवणी करायची, आणि मग औषध मिळायचे. त्यांनी ते उलटे केले. औषधाचा अंमल किती तास टिकतो हे माहीत असताना वेदना परत येण्याची वाट का पाहायची? घड्याळ लावून, वेदना डोके वर काढण्यापूर्वीच पुढची मात्रा द्यायची, आणि तीही शक्य तर तोंडावाटे. १९८६ साली जागतिक आरोग्य संघटनेने कर्करोगाच्या वेदनेसाठी मार्गदर्शन प्रसिद्ध केले, त्यात हेच सूत्र आहे: तोंडावाटे, घड्याळाप्रमाणे, आणि पायरीपायरीने.

दुसरी गोष्ट याहून खोल आहे. वेदना नुसती शरीराची नसते, असे त्यांनी दाखवून दिले. शरीर दुखते, मन भितीने दुखते, घरच्यांच्या काळजीने आणि पैशाच्या ओढाताणीने दुखते, आणि 'माझ्याच वाट्याला हे का' या प्रश्नानेही दुखते. या चारही वेदना एकमेकींत इतक्या गुंतलेल्या असतात की एकीला सोडून दुसरी शमत नाही. समजा, एका बापाची रात्रीची कळ काही केल्या थांबत नाही. परिचारिका शेजारी बसून विचारते तेव्हा कळते की मुलीचे लग्न ठरत होते, आता त्याचे काय होणार, हा विचार त्याला झोपू देत नाही. त्याला गोळी हवीच. पण मुलीला बोलावून त्या दोघांचे बोलणे करून देणे हाही उपचारच आहे. आणि रोग्याची निम्मी वेदना त्याच्या घरात असेल, तर शुश्रूषा एकट्या रोग्याची करून कशी भागेल? म्हणून या शास्त्रात रोगी आणि त्याचे घर मिळून एक रोगी मानतात.

आता आपल्याकडे या. भारतातले असे पहिले रुग्णाश्रयगृह १९८६ साली मुंबईत वांद्रे येथे निघाले: शांती अवेदना सदन. पुण्यात वारज्याला १९९७ साली कर्करोगाच्या रोग्यांसाठी असेच केंद्र सुरू झाले. परंतु या कार्याचे खरे लोकस्वरूप पाहायचे असेल तर केरळात जावे लागते. १९९३ साली कोझिकोडच्या वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. राजगोपाल आणि डॉ. सुरेशकुमार यांनी वेदनाशमनाची संस्था काढली. लवकरच त्यांच्या लक्षात आले की रोगी रुग्णालयात येतो तो घटकाभर. बाकीचे सगळे दिवस तो घरी असतो. म्हणून त्यांनी गावोगावी शेजाऱ्यांनाच शिकवले. दुकानदार, शिक्षक, विद्यार्थी, गृहिणी आठवड्यातले काही तास देऊ लागले, आणि शिकलेली परिचारिका घरोघर जाऊ लागली. २००८ साली केरळ सरकारने याविषयीचे धोरण जाहीर केले, आणि आज तेथे ग्रामपंचायती आणि नगरपालिका हे काम चालवतात. जे रस्ते आणि नळ पाहतात, तेच खाटेला खिळलेल्या माणसाकडेही पाहतात.

मॉर्फीनविषयी दोन शब्द बोलले पाहिजेत, कारण त्याचे नाव काढले की घरातली वडीलमाणसे घाबरतात. ते अफूपासून होते. आपल्या मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेशात सरकारी परवान्याने अफू पिकते. पण १९८५ सालच्या अमली पदार्थविरोधी कायद्याने नियमांचे असे जाळे विणले गेले की हे औषध पिकवणाऱ्या देशातच रोग्यांना मिळेनासे झाले. २०१४ साली कायद्यात दुरुस्ती होऊन वाट सुकर झाली, तरी अजून सगळ्याच रुग्णालयांत ते ठेवलेले नसते. व्यसन लागेल ही भीती पुष्कळांना असते. कर्करोगाच्या तीव्र वेदनेसाठी जाणत्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली ते घेणाऱ्याच्या बाबतीत ती भीती बहुधा अनाठायी असते. मात्र त्याने शौचाला खडा धरतो, म्हणून सारक औषध पहिल्या दिवसापासून सोबत लागते. मात्रा आपल्या मनाने वाढवायची नाही, आणि बरे वाटते म्हणून एकाएकी बंदही करायची नाही. एवढे पाळले तर जो माणूस कुशीवर वळू शकत नव्हता, तो उठून बसून नातवाशी बोलू लागतो.

आता घरातल्या शुश्रूषेकडे वळू. पहिली गोष्ट पाठीची. खाटेला खिळलेल्या माणसाच्या माकडहाडावर, खुब्यांवर, टाचांवर भार पडून तेथले रक्त अडते आणि कातडी मरू लागते. जखम दिसते तेव्हा आतले नुकसान बरेच झालेले असते. उपाय साधा आणि कंटाळवाणा आहे: साधारण दर दोन तासांनी कूस बदलायची, चादरीला सुरकुती ठेवायची नाही, अंग ओले राहू द्यायचे नाही, लाल झालेल्या जागेवर चोळायचे नाही. हवेची गादी मदत करते, पण कूस बदलण्याचे काम ती आपल्यासाठी करत नाही. ओढत सरकवू नका. दोघांनी खालच्या चादरीसकट उचलून सरकवा. त्याने रोग्याची कातडी वाचते आणि तुमची कंबरही.

या साध्या कामाची थोरवी पाहायची असेल तर मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील परिचारिकांची आठवण करा. त्यांच्यातलीच एक, अरुणा शानभाग, १९७३ सालच्या नोव्हेंबरात तिच्यावर झालेल्या अमानुष हल्ल्यानंतर शुद्धीत आली नाही. १८ मे २०१५ रोजी तिचा मृत्यू झाला, तोपर्यंत म्हणजे ४१ वर्षांहून अधिक काळ त्या रुग्णालयातील परिचारिकांनी तिला सांभाळले. ज्यांनी तिला हिंडताना-फिरताना कधी पाहिले नव्हते, अशा पुढच्या पिढीतल्या मुलींनी ते काम हाती घेतले. तिचे प्रकरण २०११ साली सर्वोच्च न्यायालयापुढे निर्णयाला आले, तेव्हा एवढ्या वर्षांत तिच्या पाठीला एकही जखम होऊ दिली नाही, ही गोष्ट नमूद झाली, आणि न्यायालयाने त्या परिचारिकांचा गौरव केला. तिच्या जगण्याविषयी कोणाचे मत काहीही असो. त्या न झालेल्या जखमेमागे किती हात आणि किती रात्री आहेत, याचा हिशेब आपण मनात करावा.

दुसरी गोष्ट तोंडाची. आपण अंग पुसतो आणि तोंड विसरतो. कोरडे, चिकट तोंड ही मोठी यातना आहे. मऊ ब्रश किंवा बोटाला गुंडाळलेले ओले फडके, मिठाच्या कोमट पाण्याच्या चुळा, ओठांना थोडे तूप किंवा व्हॅसलीन, हे दिवसातून चार-पाच वेळा करावे. भरवताना डोके आणि छाती वर उचललेली हवी. आडवे ठेवून भरवले तर घास श्वासनलिकेत जातो. धाप लागलेल्या माणसाभोवती दहा जण गोळा होऊ नका. त्याला टेकून बसवा, खिडकी उघडा, तोंडावर पंख्याचा वारा येऊ द्या. त्या वाऱ्याने धापेची घबराट कमी होते.

तिसरी गोष्ट अन्नाची, आणि ती आपल्या बायाबापड्यांना सर्वांत जड जाते. आपल्याकडे माया म्हणजे ताटात वाढणे. दिवस भरत आले की शरीराची अन्नाची गरज ओसरते, भूक मावळते. रोगी तोंड फिरवतो, आणि बायको रडत म्हणते, "दोन घास खा, माझ्यासाठी." तो तिच्यासाठी खातो आणि ओकतो. तो उपाशी राहिल्यामुळे खंगतो आहे असे तिला वाटते. बहुधा रोग त्याला खंगवतो आहे, म्हणून त्याला अन्न नको आहे. हे तिला कोणीतरी शांतपणे समजावून सांगितले पाहिजे. नाही तर नवरा गेल्यावरही 'मी नीट भरवले नाही' हा काटा तिच्या मनात जन्मभर राहतो. तो काटा रुतू न देणे हे परिचारिकेचे काम आहे, आणि ते औषध देण्याइतकेच महत्त्वाचे आहे.

आता बोलण्याविषयी. आपल्या घरांत पहिला ठराव होतो तो असा: "बाबांना सांगायचे नाही." बाबा तपासणीच्या खोल्यांवरच्या पाट्या वाचतात, केस गळताना पाहतात, पाहुण्यांचे पडलेले चेहरे पाहतात. त्यांना कळलेले असते. पण मुले कोलमडतील म्हणून तेही बोलत नाहीत. मग एकाच घरात सगळे एकमेकांपासून तेच गुपित लपवतात, आणि ज्या दिवसांत सर्वांत जास्त बोलायला हवे, ते दिवस हवापाण्याच्या गप्पांत निघून जातात. मी असे म्हणत नाही की जाऊन धाडकन सांगून टाका. ज्याला जाणून घ्यायचे नाही त्याच्यावर सत्य लादणे हीही क्रूरताच. पण विचारावे तरी: "तुम्हाला काय वाटतं? काही विचारायचं आहे का?" आणि विचारल्यावर गप्प बसून ऐकावे. पुष्कळदा त्यांना आजाराचे काहीच विचारायचे नसते. कपाटाची किल्ली कोणाला द्यायची, धाकट्या भावाशी अबोला आहे तो मिटवायचा, यंत्राला जोडून अतिदक्षता विभागात ठेवू नका, अशी सांगण्यासारखी गोष्ट असते. शेवटची इच्छा आता लिहूनही ठेवता येते. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने अशा पूर्वलेखाला मान्यता दिली, आणि २०२३ साली त्याची रीत सोपी केली.

भेटायला येणाऱ्यांविषयी नाइटिंगेलबाईंनी आपल्या परिचर्येवरच्या पुस्तकात एक अख्खे प्रकरण खर्च केले आहे. पोकळ धीर देणारे आणि न मागता सल्ला देणारे यांच्यावर त्यांचा फार राग होता. रोग्याच्या खोलीत किंवा दाराबाहेर कुजबुजणे तर त्यांना मुळीच खपत नसे, कारण कुजबुज आपल्याविषयीच आहे हे रोगी ओळखतो आणि कान ताणून थकतो. त्यांनी आपल्या गावातले पाहुणे पाहिले असते तर दुसरे प्रकरण लिहिले असते! "आमच्या चुलत सासऱ्यांनाही अगदी असंच झालं होतं" हे वाक्य खाटेजवळ उच्चारणाऱ्याला काय म्हणावे? मंडळी, भेटायला जाल तेव्हा सल्ला घरी ठेवून जा, आणि जेवणाचा डबा घेऊन जा. त्याहून चांगले म्हणजे घरच्या बाईला सांगा, "मी दोन तास इथे बसते, तुम्ही आत जाऊन झोपा." एवढी मोठी भेट दुसरी नाही.

कारण या सगळ्यात एक माणूस सतत नजरेआड राहते. ते म्हणजे शुश्रूषा करणारे माणूस. बहुधा ती बायको असते, सून असते, अविवाहित मुलगी असते. ती रात्री तीनदा उठते, सकाळी डबे करते, कदाचित नोकरीवरही जाते. मुलगा परदेशातून रोज फोन करून सूचना देतो, ब्युरोची बाई सांगून येत नाही, आणि येणारा प्रत्येक जण विचारतो, "ते कसे आहेत?" "तू कशी आहेस?" असे विचारणारा विरळा. मग एखाद्या रात्री थकून तिच्या मनात येते, 'सुटतील तर बरे', आणि त्या विचाराची तिला इतकी लाज वाटते की ती दुसऱ्या दिवशी दुप्पट राबते. तिला सांगणारे कोणी हवे की बाई, हा विचार दुष्टपणाचा नाही, थकव्याचा आहे. तिची झोप, तिचे जेवण, तिला आठवड्यातून एक मोकळी दुपार, ही चैन नव्हे. ती आजारी पडली तर त्या घरात एकाचे दोन रोगी होतील. आणि रोगी गेल्यानंतरही तिच्याकडे जावे. तेरावा होतो, पाहुणे पांगतात, भाड्याची खाट परत जाते, आणि दर दोन तासांनी जाग येण्याची सवय मात्र मागे राहते. त्या दिवसांत कोणी येत नाही. शुश्रूषेचे काम तेव्हाही संपलेले नसते.

हे सगळे एकट्या घराने करायचे का? नाही, आणि म्हणूनच हा विषय व्यासपीठावर आणला. आपल्या गावात वाचनालय आहे, तालीम आहे, गणेशोत्सवाची मंडळे आहेत. मग चार गोष्टी अवघड नाहीत. खाट, हवेची गादी, चाकांची खुर्ची, बेडपॅन यांचा साठा एका जागी ठेवून अनामत घेऊन देता येईल. निवृत्त परिचारिका प्रत्येक गावात आहेत; त्यांना बोलावून महिन्यातून एका रविवारी कूस कशी बदलायची, नळीतून कसे भरवायचे, अंग कसे पुसायचे हे शिकवता येईल, आणि त्या वर्गाला पुरुषांनीही यावे. दर आठवड्याला दोन तास देणाऱ्यांची यादी करता येईल. आणि आपल्या सरकारी रुग्णालयात मॉर्फीनच्या गोळ्या मिळतात का, नसतील तर का नाहीत, असा साधा प्रश्न नगरपालिकेच्या सदस्यांना आणि आमदारांना विचारता येईल. पाण्याचा नळ नाही म्हणून आपण मोर्चा काढतो. वेदनेवरचे औषध नाही म्हणून आजवर कोणी काढला?

व्याख्यान संपल्यावर येथे दाराशी एक वही ठेवलेली आहे. कोणाकडे वापरात नसलेली खाट किंवा खुर्ची असेल, कोणाला दोन तास देता येतील, किंवा कोणाच्या घरी आज अशी गरज असेल, त्यांनी आपले नाव आणि आळी लिहावी, अशी माझी विनंती आहे.